निर्दोष सुटलेल्या माणसाला घरी आणताना

माझा मामा तेरा वर्षं आत होता. २००९ ला अटक, २०११ ला सत्र न्यायालयात जन्मठेप आणि २०२२ ला उच्च न्यायालयाकडून निर्दोष मुक्तता. निकालाच्या दिवशी वकीलसाहेब म्हणाले, "चला, आता तुम्ही मोकळे." मोकळे कुठले! त्यानंतर दीड वर्ष मी मामाला मोटरसायकलवर मागं बसवून तहसील, बँक, कोर्ट आणि सिव्हिल हॉस्पिटल पालथं घातलं. शिक्षा भोगून सुटणाऱ्यांसाठी थोड्याफार योजना तरी असतात. जो मुळात दोषीच नव्हता त्याचं पुढं काय करायचं, हे कुठल्याच खिडकीवर लिहिलेलं नसतं.

मी वकील नाही. कोर्टातल्या प्रत्येक पावलाला वकील घ्या. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, हे ऑफिस जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं. हेल्पलाइन आहे १५१००. बायकांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वर्षाला ३ लाखांच्या आत उत्पन्नाची अट आहे.

आमची चूक ही झाली की आम्ही माणसाच्या मागं घाईनं लागलो आणि कागद निवांत ठेवले. करायला हवं होतं नेमकं उलटं.

१. निकालाचा कागद तुरुंगापर्यंत पोचवा

वरच्या कोर्टानं सोडलं म्हणजे संध्याकाळी माणूस घरी, असं होत नाही. आदेश आधी खालच्या कोर्टात येतो, तिथून सुटकेचं वॉरंट निघतं आणि ते तुरुंगात पोचावं लागतं. संध्याकाळची गिनती, म्हणजे कैद्यांची मोजणी, होऊन बराकी बंद झाल्यावर कागद पोचला, तर सुटका दुसऱ्या दिवशी. मध्ये शनिवार-रविवार आला तर आणखी उशीर. वकिलांच्या कारकुनाचा नंबर घ्या आणि कागद कुठल्या टेबलावर आहे ते विचारत राहा. लाजू नका.

तीन गोष्टी आधीच तपासा.

पहिली, नाव. आदेशात आमच्या गावापुढं 'बुद्रुक' होतं, तुरुंगाच्या रजिस्टरला 'खुर्द'. एवढ्यावरून कागद परत गेला आणि मामा दोन दिवस जास्त आत राहिला. वडिलांचं नाव, वय, गाव, गुन्हा रजिस्टर नंबर हे सगळं दोन्हीकडं जुळतंय का, ते निकालाच्या आधीच बघून ठेवा.

दुसरी, दुसरी एखादी केस. आत असताना भांडणाबिंडणाची किरकोळ केस लागलेली असली किंवा जुन्या केसमधलं वॉरंट पडून असलं, तरी गेट उघडत नाही.

तिसरी, जामीनदार. निर्दोष सुटतानाही बाँड लिहून द्यावा लागतो. सरकार वरच्या कोर्टात गेलं तर हजर राहीन, असा तो सहा महिन्यांचा बाँड. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत तो कलम ४८१ मध्ये आहे. काही वेळा माणसाच्या स्वतःच्या जातमुचलक्यावर भागतं, काही वेळा जामीनदार मागतात. जामीनदाराचा ताजा सातबारा किंवा ऐपतीचा दाखला तयार ठेवा. निर्दोष माणसाला जामीन कशाला, हे तिथं विचारून उपयोग नाही. मी विचारलं होतं.

२. गेटवर जाताना

बरोबर घ्यायचं सामान थोडंच आहे : अंगावरचे कपडे, एक नंबर मोठी चप्पल, पाण्याची बाटली, आणि माणसं दोन किंवा तीन. गाडीभर भावकी नको. आम्ही अकराजण गेलो होतो. सगळे एकदम गळ्यात पडले तेव्हा मामा दोन पावलं मागं सरकला आणि भिंतीला टेकून उभा राहिला.

गुलाल, फटाके, डीजे यातलं काहीही नको. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं तेही बहुतेक त्याच गावात राहतात. त्यांच्या दृष्टीनं खरा गुन्हेगार अजून सापडलेला नाही आणि आता तर जो होता तोही सुटला. गुलालाच्या एका मिरवणुकीनं पुढची दहा वर्षं नासतात.

तुरुंगातून मागून घ्यायचे कागद मात्र एकूण एक घ्या. नंतर त्यासाठी शंभर खेपा पडतात :

- सुटकेचा दाखला
- आत किती दिवस होता याचं प्रमाणपत्र. कच्चा कैदी (खटला चालू असताना) म्हणून किती, पक्का (शिक्षा झाल्यावर) म्हणून किती, मधल्या संचित (फर्लो) आणि अभिवचन (पॅरोल) रजा किती, हे सगळं तारखांसह हवं. भरपाईच्या अर्जाचा पाया हाच.
- खात्यावरची शिल्लक : कामाची मजुरी आणि घरून गेलेल्या मनिऑर्डरींपैकी उरलेले पैसे, हिशेबाच्या उताऱ्यासह
- आत जाताना काढून घेतलेल्या वस्तू
- दवाखान्याचे सगळे कागद, एक्स-रेसुद्धा
- आत घेतलेल्या शिक्षणाची आणि कामाची प्रमाणपत्रं. मुक्त विद्यापीठाची पदवी असेल तर गुणपत्रिका मूळ आहे ना, ते पाहा.

एखादा कागद राहिलाच तर माहिती अधिकारात अर्ज करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो आणि तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

याच आठवड्यात वकिलांना सांगून निकालाच्या किमान चार प्रमाणित प्रती काढा. इंटरनेटवरून छापलेली प्रत कुणी धरत नाही. खालच्या कोर्टातल्या साक्षी, पंचनामे आणि दोषारोपपत्र यांच्या नकलांचाही अर्ज टाका, कारण जुनी दप्तरं ठरावीक मुदतीनंतर नष्ट होतात. शिक्षेबरोबर दंड भरला असेल तर तो परत मिळतो. पोलिसांनी जप्त केलेला मोबाईल, गाडी, पैसे अशा मुद्देमालासाठी खालच्या कोर्टात वेगळा अर्ज करावा लागतो. तो वरच्या अपिलाची मुदत गेल्यावर करा.

३. पहिला महिना : त्याला काही विचारू नका

मामा आला त्या रात्री आजीनं गादी घातली. पहाटे पाचला बघतो तर गादी रिकामी, आणि मामा खाली फरशीवर घोंगडीची तिहेरी घडी घालून, दाराकडं तोंड करून उकिडवा बसलेला. गिनतीची वेळ झाली होती. तेरा वर्षांत स्वतःच्या हातानं दार उघडायची सवय गेलेली. बंद दारासमोर तो नुसता उभा राहायचा आणि कुणीतरी कडी काढायची वाट बघायचा. लघवीला जायचं तरी "जाऊ का?" विचारायचा. जेवण चार मिनिटांत उरकायचा.

यातलं काहीही टोकून सुटत नाही. "मामा, आता तुम्ही घरी आहात ना!" असं हसून म्हटलं तरी त्याला लागतं. आम्ही काय केलं, तर दारं उघडी ठेवायला लागलो आणि घराची एक किल्ली त्याच्या करगोट्याला बांधली. रात्री व्हरांड्यातला दिवा चालू ठेवला, कारण बराकीत दिवा कधीच विझत नाही आणि त्याला मिट्ट अंधारात झोप येईना.

हातखर्चाचे पैसे रोज मागायला लावू नका. महिन्याच्या सुरुवातीला, चारचौघांत नाही, त्याच्या हातात द्या आणि हिशेब विचारू नका.

नातेवाईक भेटायला येतात आणि "आत मारायचे का हो?" विचारतात. त्यांना दारातच आवरा. हे काम घरातल्या एका खमक्या माणसाकडं द्या. आमच्याकडं मामीनं ते केलं. तेरा वर्षं शिवणकाम करून तिनं घर चालवलं होतं, तिच्यापुढं कुणाची बोलायची टाप नव्हती. पण तीही अवघडली होती. सगळे निर्णय एकटीनं घ्यायची सवय झालेली, आणि आता विचारायला माणूस होता पण त्याला उत्तर सुचत नव्हतं. पोरगी चार वर्षांची होती तेव्हा तो गेला, आला तेव्हा सतरा वर्षांची. पहिले दोन महिने ती त्याच्यासमोर जेवायला बसत नव्हती. आम्ही बळजबरी केली, ती करायला नको होती.

झोप अजिबात लागत नसेल, माणूस अचानक चिडत असेल, नुसता भिंतीकडं बघत बसत असेल किंवा मरणाचं बोलत असेल, तर जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात न्या. 'टेलिमानस' हा फुकटचा फोन आहे, नंबर १४४१६, मराठीत बोलता येतं. त्याचबरोबर छातीचा एक्स-रे, थुंकी, साखर, रक्तदाब, डोळे आणि दात तपासून घ्या. दाटीवाटीच्या बराकीत वर्षानुवर्षं राहिलेल्या माणसाची क्षयाची तपासणी टाळू नका.

सुटून आलेली बाई असेल तर वरचं सगळं दुपटीनं अवघड. सासर घेत नाही आणि माहेरी वहिनीचं राज्य. आधी राहायची जागा ठरवा, मग बाकीचं. जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्याच्या ऑफिसात परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) असतात, त्यांना भेटा. पुरुषांच्या बाबतीतही यांना भेटायला हरकत नाही. मुंबई परिसरात असाल तर टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा 'प्रयास' प्रकल्प १९९० पासून कैद्यांबरोबर काम करतो आहे.

४. ओळखीचे कागद : क्रम चुकवू नका

पहिलं आधार २०१० च्या सप्टेंबरात नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. मामा त्याच्या आधीच आत गेलेला. म्हणजे त्याच्याकडं आधार नव्हतं, म्हणून सिम नाही, म्हणून बँक नाही, म्हणून काहीच नाही. आणि आधारला पुरावा मागतात रेशनकार्ड, ज्यातून त्याचं नाव कधीच कमी झालेलं! या चक्रातून आम्ही या क्रमानं बाहेर पडलो :

शाळा सोडल्याचा दाखला (शाळेत जुनं रजिस्टर सापडतं, मुख्याध्यापकांना भेटा) → कुटुंबप्रमुखाच्या आधारवरून आधार नोंदणी → तहसीलच्या पुरवठा शाखेत रेशनकार्डात नाव → सिम → बँक खातं → पॅन → मतदार यादी, नमुना ६.

अठरा वर्षांवरच्या माणसाची नवी आधार नोंदणी राज्य सरकारकडून पडताळली जाते, त्यामुळं वेळ लागतो. पावती जपून ठेवा. आत असताना आधार निघालेलं असेल तर पत्ता आणि मोबाईल नंबर बदलून घ्या. रेशनकार्ड लवकर करायचं आणखी एक कारण म्हणजे महात्मा फुले जनआरोग्य योजनेत दवाखान्यात तेच मागतात. गाडीचं लायसन संपून वर्ष झालं असेल तर पुन्हा चाचणी द्यावी लागेल.

मोबाईल हातात देताना दोन दिवस शेजारी बसा. पैसे पाठवायचं ॲप महिनाभर घालू नका, आधी नुसते फोन घेऊ दे. गोडबोल्या फोनला सगळ्यात लवकर फसतो तो हाच माणूस. त्याच्यासाठी बँकेतून बोलणारा साहेब म्हणजे साहेबच असतो.

आजीनं ट्रंकेत पाचशेच्या चार नोटा जपून ठेवल्या होत्या, "त्याच्या मजुरीच्या आहेत, तो आला की देईन" म्हणून. नोटाबंदीच्या आधीच्या. मामानं त्या घेतल्या, कपाळाला लावल्या आणि खिशात ठेवल्या. दुकानात काय झालं ते सांगत नाही.

५. जुनं बँक खातं आणि सातबारा

दोन वर्षं व्यवहार नसला की खातं निष्क्रिय होतं आणि दहा वर्षांनी त्यातली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. बुडत मात्र नाही. त्याच बँकेत ओळखीचे कागद देऊन मागता येते. कुठल्या बँकेत होतं ते आठवत नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या 'उद्गम' संकेतस्थळावर नावानं शोधा.

सातबारा हा घरातला सगळ्यात अवघड कागद. माणूस आत असताना वडील वारतात, वारस नोंद होते आणि त्यात नेमकं त्याचंच नाव राहून जातं. कधी चुकून, कधी चुकून नाही. आमच्याकडं आजोबा २०१४ ला गेले. फेरफार काढून बघितला तर वारसांत मामाचं नाव नव्हतं, आणि थोरला मामा म्हणाला, "तो कधी येईल कुणाला ठाऊक होतं?"

जुने फेरफार, आठ-अ आणि सातबारा काढून बघा. नाव नसेल तर भावाभावांत बसून आधी घरात मिटवा. सगळे तयार असतील तर तलाठ्याकडं अर्ज करून काम होतं. नाही तर प्रांताकडं अपील, आणि त्याला उशीर माफ करण्याचा अर्ज जोडायचा. त्यात तुरुंगातल्या दिवसांचं प्रमाणपत्र लावा. उशिराला याहून चांगलं कारण असू शकत नाही. आणि सुटून आल्या आल्या पहिल्या महिन्यात कुठल्याही हक्कसोडपत्रावर त्याची सही होऊ देऊ नका. तो त्या दिवसांत कशावरही सही करतो. आत तेरा वर्षं कागद पुढं आला की सही करायची, हेच शिकलेला असतो.

६. पोलीस ठाण्याचं दप्तर आणि कामधंदा

कोर्टानं सोडलं हे पोलीस ठाण्याच्या नोंदीत आपोआप चढेलच असं नाही. चारित्र्य पडताळणीला गेलं की जुना गुन्हा तसाच दिसतो. निकालाची प्रत जोडून पोलीस ठाण्यात आणि पोलीस अधीक्षक कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि आवक क्रमांकासह पोच घ्या. तोंडी "करतो हो" याला काही किंमत नाही.

नोकरीच्या फॉर्मवर 'कधी अटक झाली होती का' असा रकाना असतो. तिथं खरं लिहा आणि पुढं 'निर्दोष मुक्तता' लिहून निकाल जोडा. लपवलेलं सापडलं तर मूळ केसपेक्षा लपवल्यावरूनच नोकरी जाते. सरकारी नोकरीतून शिक्षेमुळं काढलं असेल तर परत घेण्यासाठी आणि मधल्या पगारासाठी खात्याकडं लगेच अर्ज करा. इथं निकालातले शब्द फार महत्त्वाचे ठरतात. 'संशयाचा फायदा' देऊन सोडलं की 'पुरावाच नाही' म्हणून, हे खातं बोट ठेवून वाचतं. चावडीवर मात्र 'संशयाचा फायदा मिळाला म्हणे' असं कुणी डोळा मारून बोललं, तर सांगा की फौजदारी कायद्यात निर्दोष म्हणजे निर्दोष, त्यात अर्धा-पाऊण नसतो.

मामा आत सुतारकाम शिकला. गावात कुणी काम देईना, तेव्हा तालुक्याच्या ठिकाणी एका फर्निचरवाल्याकडं लागला. आधी सांगूनच. तो मालक म्हणाला, "मला रंधा मारता येतो का तेवढं दाखव."

७. भरपाई : एका वर्षाचं घड्याळ

हा भाग दोनदा वाचा.

चुकीची शिक्षा भोगलेल्याला आपल्या देशात ठरलेली भरपाई देणारा कायदा नाही. विधी आयोगानं ऑगस्ट २०१८ मध्ये २७७ व्या अहवालात तसा कायदा करा म्हणून शिफारस केली, ती तशीच पडून आहे. त्यामुळं "सरकारकडून पंचवीस लाख मिळवून देतो, आधी पन्नास हजार द्या" म्हणणारा कुणीही आला तरी त्याला चहासुद्धा पाजू नका. आमच्याकडं दोन आले होते.

मग रस्ते कुठले?

एक, अपील चालू असतानाच वकिलांना भरपाईची मागणी मांडायला सांगा. मार्च २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्रातल्या भटक्या जमातीच्या सहाजणांना निर्दोष सोडलं. २००३ च्या गुन्ह्यात त्यांना फाशी झालेली होती, आणि २००९ मध्ये याच न्यायालयानंही सहाही जणांना फाशीच ठरवली होती. सोडताना राज्य सरकारनं प्रत्येकी ५ लाख द्यावेत आणि जबाबदार अधिकाऱ्यांवर कारवाई करावी, असं सांगितलं. सोळा वर्षांचे पाच लाख. कमीच आहेत, पण वेगळा दावा न लढता आले.

दोन, उच्च न्यायालयात राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली रिट, म्हणजे हक्कभंगाबद्दलचा थेट अर्ज. जगण्याच्या हक्काचा भंग झाला म्हणून भरपाई मागायची. १९८३ मध्ये बिहारच्या रुदुल साह यांना निर्दोष सुटल्यावरही चौदा वर्षं डांबून ठेवल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयानं एकूण ३५ हजार द्यायला लावले. ही वाट तिथून रुळली. पोलिसांनी काय चुकीचं केलं, ते निकालातल्याच परिच्छेदांवरून दाखवता आलं पाहिजे.

तीन, खोट्या हेतूनं खटला भरल्याबद्दल दिवाणी दावा. यात नुसतं निर्दोष सुटणं पुरत नाही. खटला भरायला वाजवी कारण नव्हतं आणि भरणाऱ्याच्या मनात आकस होता, हे दोन्ही सिद्ध करावं लागतं. मुदत फक्त एक वर्ष, निर्दोष सुटल्याच्या तारखेपासून. सरकारवर दावा असेल तर आधी दोन महिन्यांची नोटीस. आम्ही वकिलाकडं गेलो तेव्हा चौदावा महिना चालू होता. त्यांनी निकालावरची तारीख बघितली, चष्मा काढला आणि काही बोलले नाहीत. रिटची वाट उरली, ती धरली, अजून चालू आहे.

पेपरवाले आणि यूट्यूबवाले येतील. मुलाखत द्यायची की नाही ते त्याचं त्याला ठरवू दे, पण अर्ज दाखल होईपर्यंत वकिलांना विचारल्याशिवाय नको.

८. सरकार वरच्या कोर्टात गेलं तर

उच्च न्यायालयाच्या निकालावर सरकारला सर्वोच्च न्यायालयात जायला ९० दिवस असतात, उशीर माफ करूनही घेता येतो. म्हणून पत्ता बदलला तर वकिलांना कळवा आणि आलेली नोटीस नाकारू नका. नोटीस आली म्हणजे परत आत, असं नाही. मुंबईच्या २००६ च्या लोकल बाँबस्फोट खटल्यात उच्च न्यायालयानं २१ जुलै २०२५ ला सगळ्या बारा आरोपींना निर्दोष ठरवलं. सरकार लगेच वर गेलं. २४ जुलैला सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायला स्थगिती दिली, पण सुटलेल्यांनी परत तुरुंगात जायची गरज नाही, असं सांगितलं. हे त्याला समजावून सांगा, नाहीतर दारात खाकी कपड्यातला पोस्टमन जरी दिसला तरी माणूस मागच्या दारानं शेतात जातो.

९. पिशवी

कापडाची, चेनची, घरातल्या सगळ्यांना माहीत असलेल्या खुंटीवर. आत : निकालाच्या दोन प्रमाणित प्रती, सुटकेचा दाखला, दिवसांचं प्रमाणपत्र, बाँडची नक्कल, आधार, रेशनकार्डाची झेरॉक्स, दिलेल्या प्रत्येक अर्जाची पोच, सहा फोटो, वकिलांचा नंबर मोठ्या अक्षरात. उरलेल्या दोन प्रती दुसऱ्या घरी ठेवा, लेकीकडं किंवा बहिणीकडं. सगळ्याचे फोटो काढून दोघांच्या मोबाईलमध्ये ठेवा. आणि निकालाच्या प्रतीला लॅमिनेशन करू नका. आम्ही प्रेमानं केलं, तर खिडकीवरच्या बाईंनी प्लॅस्टिकवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, शिक्का हाताला लागत नाही, दुसरी आणा.